न घासलेलं चित्र

रोगणाचं काम का सोडलंत, असं कुणी विचारलं की उयेन समोरच्याचं तोंड बघून उत्तर द्यायची. परदेशी पाहुणा असला तर म्हणायची, "पत्रा स्वस्त होता." वर्तमानपत्रवाला असला तर, "कंटाळा आला." आणि समीक्षक असला तर काहीच बोलायची नाही, कारण ती मंडळी उत्तर घरूनच घेऊन आलेली असत. एकाने लिहिलं होतं की उयेनने परंपरेशी जाणीवपूर्वक फारकत घेतली. दुसऱ्याने लिहिलं होतं की युद्ध पाहिलेल्या पिढीला चकचकीत पृष्ठभागाचा तिटकारा आला. तिचा नवरा तोआन हे लेख चष्मा लावून मोठ्याने वाचायचा आणि आपल्याच गालावरून हात फिरवत म्हणायचा, "एवढा इतिहास माझ्या थोबाडावर घडला आणि मलाच पत्ता नाही."

तो थट्टेत म्हणायचा, पण खरं कारण त्याचं थोबाडच होतं.

रोगण होतं सोन नावाच्या झाडाच्या चिकाचं, आणि हा चीक मोठा मानी. तो आधी दिवसचे दिवस घोटायचा, काळा करायचा, मग फळीवर एकेक हात देत जायचं. उन्हात ठेवला तर वाळायचा नाही. ओल्या फडक्यांच्या कपाटात, दमट हवेतच वाळणार. चांदीचा वर्ख, बदकाच्या अंड्याचं टरफल, जे काही चित्र असेल ते मध्येच कुठेतरी पुरायचं, त्यावर काळे हात चढवायचे, आणि शेवटी पाणी घालून घासत घासत पुरलेलं वर काढायचं. कमी घासलं तर चित्र दिसत नाही, जास्त घासलं तर उरत नाही, आणि घासलेलं परत आणता येत नाही. शिवाय हा चीक अंगावर उततो. हनोईच्या कलाशाळेत पहिल्या महिन्यात सगळा वर्ग सुजलेल्या डोळ्यांनी बसलेला असायचा. मग हळूहळू चीक माणसाला ओळखायला लागतो आणि सोडून देतो, असं जुने कारागीर सांगतात. उयेनला त्याने लवकर ओळखलं. ती उघड्या बोटांनी चीक ढवळायची आणि त्याच हाताने कपाळावरचे केस मागे सारायची.

तोआनला मात्र तो कधीच ओळखेना. तोआन ट्रामवर कंडक्टर होता. कलाशाळेसमोर ट्राम थांबायची, आणि ती गरजेपेक्षा जास्त वेळ थांबायला लागली तेव्हा उतारूंनाही कळलं की कंडक्टरचं लक्ष तिकिटांवर नाही. एक दिवस तो धीर करून उयेनच्या वर्गात शिरला, तिच्या फळीपाशी उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे बंद होतील एवढा सुजून कामावर आला. तिकिटं चाचपडत फाडत होता. "कंडक्टरसाहेब, मधमाश्यांशी लग्न केलंत का?" असं एका भाजीवालीने विचारलं, तर म्हणाला, "बोलणी चालू आहेत, मावशी."

लग्न झालं आणि त्यांना एक खोली मिळाली. खोलीत एक पलंग आणि पलंगाशेजारी उयेनचं रोगण वाळवायचं कपाट, एवढंच मावत होतं. तोआन महिनाभर सुजलेलाच होता. मग तो डेपोत झोपायला जायला लागला. "तिथे वारा चांगला येतो," असं म्हणायचा. तो अंथरूण काखेत मारून जिना उतरायचा आणि उयेन दारात उभी राहून बघायची. लग्न करून एकटं झोपायचं, ही कसली तऱ्हा, असं तिला वाटायचं, आणि कपाटाकडे वळून बघितलं की कपाटाचा राग यायचा आणि रागाच्या पाठोपाठ हात शिवशिवायचे.

तेव्हा तिची एक मोठी फळी अर्धी झाली होती. पावसाची बारीक भुरभुर, तिच्यातून येणारी ट्राम, तिच्या ओल्या काचेवरचा उजेड. ट्राम कुठेच नव्हती म्हणा, नुसते चांदीच्या वर्खाचे तुकडे होते, तिरपे आणि फाटके. त्या काळात असलं चित्र कुणाला दाखवायची सोय नव्हती. कामगार नाही, शेतकरी नाही, मग हे आहे काय, असं मास्तरांनीच विचारलं असतं. पण ते तिचं पहिलं स्वतःचं चित्र होतं आणि ते चांगलं झालंय हे तिला कळत होतं. एका दुपारी तिने त्या चांदीवर काळ्या रोगणाचा हात दिला, वाळल्यावर आणखी एक दिला, मग आणखी एक. घासायची वेळ आली तेव्हा तिने घासलं नाही. तोआनला म्हणाली, "हे कपाट, ब्रश, ही फळी, सगळं घेऊन जा. भंगारात द्या. मला विचारू नका."

तोआनने दोनदा विचारलंच. मग सायकलला सगळं बांधून घेऊन गेला आणि त्या दिवसापासून पलंगावर झोपायला लागला.

उयेनने पत्रा हातात घेतला. युद्धानंतर पत्र्याला काय तोटा. पत्रा ठोकून झाला, मग गोणपाट आलं, मग हायफाँगच्या बंदरावरची फाटकी जाळी, मग सरसात कालवलेलं भाताचं तूस. ट्राम बंद पडली आणि तोआनची नोकरी गेली, तेव्हा त्याने डेपोतून तांब्याच्या तारेची वेटोळी आणून दिली. पुढे तो फुटपाथवर सायकलचे पंक्चर काढायला बसला, तेव्हा फाटक्या ट्यूबा आणून दिल्या. देशाची दारं उघडली, परदेशी लोक आले, त्यांनी तिच्या ट्यूबांसमोर उभं राहून माना हलवल्या. नाव झालं. "मला वाटलं होतं बायको चित्रकार आहे," तोआन शेजाऱ्यांना सांगायचा, "निघाली भंगारवाली. पण मोठी."

लोक म्हणायचे, किती तऱ्हेतऱ्हेची सामग्री वापरता. उयेन आयुष्यभर खरं तर एकच गोष्ट शोधत होती. तिला तो काळा हवा होता, रोगणाचा, ज्यात बघितलं की नजर आत आत जात राहते. काजळीचा काळा कोरडा होता, रबराचा मठ्ठ होता, जळक्या पत्र्याचा काळा बोटाला लागायचा. ती एखादं काम संपवून भिंतीला टेकवायची आणि तोआन मान वाकडी करून विचारायचा, "हा कसा आहे काळा?"

"काळाच आहे हो," ती म्हणायची. "पण आत कुणी नाही त्याच्या."

दरवर्षी नवं वर्ष झालं, वसंतातली भुरभुर सुरू झाली, भिंतींना घाम फुटायला लागला की तो गावी मोठ्या बहिणीकडे, थोआकडे, भातलावणीला जायचा. परत यायचा तेव्हा गालाची आणि हातांची सालं निघत असायची.

"हे काय?"

"अळ्या चावल्या. थोआताईच्या रोपांत नुसत्या अळ्या आहेत."

"मग जाता कशाला दरवर्षी? तुमच्यावाचून भात उगवायचा थांबलाय का?"

खाजेवर उतारा म्हणून कमरखाचा पाला उकळून ती त्याचे हात शेकायची आणि बडबडत राहायची. गेल्या वर्षी मात्र तो लख्ख चेहऱ्याने परत आला.

"आँ? अळ्या कुठे गेल्या?"

"मेल्या सगळ्या," तो म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "थोडं थांब. तुला एक गंमत दाखवायची आहे. वाळली की."

"काय वाळली की?"

"तू थांब तर."

त्याच महिन्यात तो फुटपाथवर, मांडीवर ट्यूब घेऊन बसल्या बसल्या गेला. गंमत काय होती हे तिला कळलं नाही. असेल कसली तरी गोणी, असं तिला वाटलं, आणि ती न बघितलेली गोणी आठवून ती कितीदा तरी रडली.

आता तिच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. ते मांडणारी मुलगी दिएप, हुशार, पायाला चाकं लावल्यासारखी फिरणारी. तिने भिंतींचे नकाशे काढले होते आणि पहिली भिंत रिकामी ठेवली होती.

"उयेनमावशी, इथे सुरुवात हवी. कलाशाळेतलं एखादं रोगणाचं काम. एक तरी असेल ना कुणाकडे?"

"भंगारात गेलं सगळं."

"मग नवं करा. इतक्या वर्षांनी तुम्ही परत रोगणाकडे वळलात, लोकांना केवढं..."

"लोकांचं राहू दे," उयेन म्हणाली. पण मुलीने दुखतं तेच बोट दाबलं होतं. आता घरात चीक उतेल असं कुणी नव्हतं. पलंग अख्खा तिचा होता. ज्याच्यासाठी सोडलं तो गेला आणि जे सोडलं ते परत घ्यायची मोकळीक मिळाली. असली मोकळीक तिने मागितली नव्हती. तरी आठवडाभराने ती शहराबाहेरच्या रोगणवाल्यांच्या गावात चीक विकत घ्यायला गेलीच.

तिच्या जुन्या मास्तरांचा मुलगा लाम तिथे कारखाना चालवायचा. म्हातारा झाला होता, कानाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलायचा. तिला बघून त्याने हुक्का बाजूला ठेवला.

"आलीस एकदाची. मी म्हटलं वर्षश्राद्ध झाल्यावर येशील. त्याचं राहिलेलं न्यायला आलीस ना?"

"कुणाचं राहिलेलं? मी चीक घ्यायला आले, लामदादा."

लामने तिच्याकडे बघितलं. मग चेहरा पडला त्याचा. "सांगितलं नाही त्याने? गेल्या वर्षी सांगणार होता."

तो आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेली फळी दोन्ही हातांनी धरून घेऊन आला. फडकं काढलं तर काळी, लहरी लहरींची, जाड. कडा बघून उयेनने ओळखली. एका कोपऱ्यात खाच होती, ती तिच्याच हातून पडलेली.

"भंगारात दिली म्हणाले होते," ती म्हणाली.

"इथे आणून ठेवली. मला म्हणाला, दादा, चीक माणसाला ओळखायला लागतो म्हणतात, मला किती दिवसांत ओळखेल? मी म्हटलं, गड्या, एखाद्याला महिना, एखाद्याला जन्म. म्हणाला, मग सुरू करू या. म्हणजे तिला परत काम करता येईल." लाम ओरडूनच बोलत होता आणि आतली पोरं काम थांबवून ऐकत होती. "दरवर्षी भुरभुरीत यायचा. या फळीवर एक हात द्यायचा. स्वतःच्या हाताने, दुसऱ्याला शिवू द्यायचा नाही. आणि मग सुजायचा, हे एवढा. आम्ही हसून हसून मरायचो. सूज उतरेपर्यंत बहिणीकडे जाऊन राहायचा आणि मग घरी. जाताना दरवर्षी तेच, पुढच्या वर्षी नक्की, दादा."

उयेन स्टुलावर बसली. तिच्या हातून शेकलेले ते हात तिला आठवले. चिकाने सालं कशी निघतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण घरात चिकाचं नाव काढायचं नाही असं तिनेच ठरवलं होतं, आणि ज्याचं नाव काढायचं नाही ते समोर असूनही दिसत नाही.

"आणि गेल्या वर्षी?" तिने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

"गेल्या वर्षी हातमोजे काढून टाकले त्याने. उघड्या हाताने चीक घेतला. रात्री माझ्याकडेच राहिला, सकाळी आरशासमोर उभा. काही नाही. पुरळ नाही, सूज नाही. नाचला गं माणूस, या अंगणात, या वयात. म्हणाला, हा हात पुरता वाळू दे, मग फळी घेऊन जातो आणि तिच्यासमोर ठेवतो."

परत येताना टॅक्सीवाल्याने डिकीत ठेवू का म्हणून विचारलं. उयेनने फळी मांडीवर घेतली.

दिएपला कळलं तेव्हा ती धावतच आली. फळीची गोष्ट ऐकून तिचे डोळे चमकले. "म्हणजे खाली तुमचं पहिलं चित्र तसंच आहे? मावशी, हे घासा. पहिली भिंत याचीच."

उयेनलाही तेच हवं होतं. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ती चांदी तिला बघायची होती. वर्खाचे तुकडे कसे लावले होते ते तिला आता नीट आठवतही नव्हतं. फक्त ते चांगले होते एवढं आठवत होतं. जन्मभर पत्र्यात आणि रबरात जे शोधलं ते हिच्यात पडून होतं, नखभर खाली. ओल्या काचेवरचा उजेड, आणि त्या काचेआड, चित्रात न दिसणारा, पैशांची पिशवी गळ्यात अडकवलेला पोरगेलासा कंडक्टर. तिने काचकागद भिजवला, पाण्याची वाटी घेतली आणि खाच असलेल्या कोपऱ्यावर हात ठेवला.

घासल्यावर काळं पाणी यायला लागलं. पहिला हात गेला, तो त्याचा शेवटचा. त्याच्या खाली दुसरा, त्यात ब्रशचा केस अडकलेला. कुणी शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मास्तरांनी छडी मारली असती. त्याखाली ओघळ. त्याखाली एक चिलट, पंखांसकट. एका वर्षी रोगण फार जाड दिलेलं, त्याला सुरकुत्या पडलेल्या. तोआनला ट्यूबचं ठिगळसुद्धा सुबक लावता यायचं, पण रोगणाचा हात त्याला कधी जमला नाही, आणि तरी तो देत राहिला. कोपऱ्यावर त्या सगळ्या थरांच्या रेघा उघड्या पडल्या, एकीखाली एक, काळ्या आणि तपकिरी. प्रत्येक रेघ म्हणजे एक वसंत, एक सुजलेलं तोंड आणि एक खोटं.

आणखी थोडं घासलं असतं तर चांदी लागली असती. काळ्यात खाली कुठेतरी धुरकट फिकं दिसायलाही लागलं होतं. उयेनचा हात थांबला. तिने वाटीतलं काळं पाणी बघितलं. तिचं चित्र हवं असेल तर हे सगळं असंच पाण्यात जाणार होतं. तिने वाटी बाजूला ठेवली आणि ती ओल्या फळीवर डोकं टेकून रडली. आवाज करून रडली, शेजारीण दार वाजवायला आली तरी थांबली नाही.

घासलेला कोपरा तसाच उघडा ठेवता येत नव्हता. लामकडून आणलेला चीक तिने उघडला, पूर्वीसारखंच उघडं बोट त्यात बुडवलं आणि कोपऱ्यावर हात दिला. पातळ, सारखा, एकही रेघ न उठता. हात विसरले नव्हते. मग ओल्या फडक्यांत फळी गुंडाळून तिने पलंगाशेजारी ठेवली. कोपरा पुरता वाळल्यावर तिने अख्खी फळी तळहाताने चोळली. तेल, बारीक राख आणि तळहात, बाकी काही नाही. चोळता चोळता काळा जागा झाला. त्या ओघळांसकट, सुरकुत्यांसकट, त्यात नजर आत जायला लागली. आत कुणीतरी होतं.

दिएपने फळी जवळ जाऊन बघितली, मग लांब जाऊन बघितली. "पण मावशी," ती शेवटी म्हणाली, "तुमचं चित्र तर दिसतच नाही. लोकांना नुसती काळी फळी दिसणार."

"रोगण वर्षं जातील तसं निवळतं गं. चांदी आपोआप वर दिसायला लागते."

"किती वर्षांनी?"

"ते मला नको विचारू. मी नसेन तेव्हा. आणि फळीखाली त्यांचंही नाव घाल. आधी त्यांचं."

दिएपने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग उयेनच्या तोंडाकडे बघून थबकली. "मावशी, तुमच्या डोळ्याला काय झालं?"

दुपारपर्यंत डोळा बंद झाला. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या. इतक्या वर्षांत चीक तिला साफ विसरून गेला होता. बोटं फुगली, गाल तट्ट झाले, खाज अशी की भिंतीला घासून घ्यावंसं वाटे. आरशात बघून तिला आधी धक्का बसला आणि मग हसू आलं. असाच दिसायचा तो.

तोआनचं वर्षश्राद्ध भुरभुरीतच आलं. थोआ गावाहून कोंबडी आणि चिकट भाताचे तांदूळ घेऊन पहाटेच्या बसने निघाली. सुजल्या हातांनी उयेनने उकडलेलं डुकराचं मांस कापलं, झिंग्याची चटणी काढली, त्याला आवडायची तशी लिंबू जास्त पिळून. पूर्वजांच्या वेदीवर त्याचा फोटो होता. फोटोच्या शेजारी तिने ती फळी उभी केली होती. पहिल्या भिंतीवर जायच्या आधी एक दिवस घरी राहू दे, असं तिने दिएपला सांगितलं होतं.

थोआ आली, चपला काढल्या, उदबत्ती लावली, भावाच्या फोटोला तीनदा वाकली. मग वळून तिने भावजयीकडे नीट बघितलं आणि हातातली काडेपेटी तशीच राहिली.

"अगं बाई, हे काय तोंडाला?"

उयेनने ताटातला भात सारखा केला.

"काही नाही, वन्सं. अळ्या चावल्या. तुमच्या रोपांतल्या."

थोआने काडेपेटी वेदीवर ठेवली. तिची नजर फळीकडे गेली, मग परत उयेनच्या सुजलेल्या डोळ्यांकडे आली, आणि तिचा चेहरा एकदम वाकडा झाला.

"कितीदा वाटलं तुला सांगावं," ती म्हणाली. "दरवर्षी माझ्याकडे पडून असायचा, ओल्या फडक्यात तोंड गुंडाळून. मी म्हणायची, सांग रे तिला, मी सांगू का. तर म्हणायचा, पुढच्या वर्षी, ताई."

"माहीत आहे," उयेन म्हणाली. "मी लामदादाला सांगून आले आहे. पुढच्या भुरभुरीत तिथे काम करायला जाणार आहे. तोवर मला ओळखायला लागेल चीक परत."

थोआने बाहीने डोळे पुसले. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि डबे हलवायला लागली.

"कमरखाचा पाला कुठे ठेवतेस?" तिने आतून विचारलं. "इकडे ये आणि हात दे."